फिल्टर चालू ठेवला आहे

६ मार्च

वन्सं,

नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची चौकशी खाली करते, आधी फिल्टरचं विचारते. रागावू नका.

टाकीच्या मागे टांगलेला फिल्टर परवा बंद पडला. आधी कण्हत होता, मग गप्प झाला. उघडून पाहिलं तर आतल्या फिरकीची दांडी मोडलेली. तेव्हापासून पाणी दुधाळ झालंय आणि पाचही मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. हेडमास्तर सगळ्यांत जास्त. (तो मोठा केशरी, शेपटीचा कोपरा फाटलेला. तुम्ही मागे आलात तेव्हा तुमच्याकडे टक लावून बघत होता तोच.)

दुकानात गेले. तीन प्रकार दाखवले. एक पूर्वीसारखाच मागे टांगायचा. एक साधा स्पंजाचा, एअर पंपाच्या नळीवर चालणारा. आणि एक कॅनिस्टर, म्हणजे टाकीखाली ठेवायचा मोठा डबा, दोन नळ्यांचा. दुकानदार म्हणाला, “मॅडम, कॅनिस्टर घ्या, आयुष्यभराची काळजी मिटली.” असं मला यापूर्वी एकदाच कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते तुमच्या भावाविषयी होतं.

आता खरं सांगते. ह्यांचा ठावठिकाणा तुम्हाला माहीत आहे का, हे मी विचारत नाही. कारखाना बंद झाल्यावर हे घरात बसून होते, टाकीसमोर खुर्ची टाकून. मग एका सकाळी पिशवी भरली आणि दारात म्हणाले, “खोली मिळाली की मासे न्यायला येईन. तोवर सांभाळ.” इतकंच. पुढे मागे काही नाही. म्हणून मला ह्या माशांची इतकी पडली आहे. ते आहेत तोवर ह्यांना इथे यायला कारण आहे. ते गेले की कारण गेलं.

तेव्हा कुठून ओझरती गाठ पडलीच तर एवढंच विचारा: कोणता फिल्टर घेऊ? दुसरं काही विचारू नका.

गुडघे कसे आहेत?

तुमची
मनी

१५ मार्च

मने,

गुडघे आहेत जागेवर. कान मात्र आता, आत घुमणाऱ्या मागाच्या आवाजासकट, गेले. फोन करून काय करू, म्हणून हा कागद.

त्याची मला काही खबर नाही. हे पहिलं.

दुसरं. आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, त्यांना माशांतलं कळतं. त्यांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. स्पंजाचे दोन फिल्टर घे, दोन्हीकडच्या कोपऱ्यांत एकेक. एक बंद पडला तरी दुसरा तारतो. गोल्डफिश खातात फार आणि घाण त्याहून फार करतात, त्यांना दिखाऊ यंत्र लागत नाही, मोठा स्पंज लागतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेव, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं येईल. आणि जुन्या फिल्टरमधला काळा कुळकुळीत स्पंज फेकू नकोस. तो तसाच नव्या फिल्टरला बांध. फिल्टर नुसती घाण काढत नाही, त्यात जिवाणू राहतात आणि ते माशांच्या घाणीतून होणारं विष खातात. स्पंज हे त्यांचं घर. घर झाडायचं असतं, धुवायचं नसतं. झाडायचंसुद्धा टाकीतल्याच पाण्यात, बादलीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांना मारतं.

झालं गृहस्थांचं. आता माझं ऐक.

मी तीस वर्षं मागावर उभी राहिले आणि गेटवर बायकांसमोर बोलले. तिथे जे बोलले तेच तुला सांगते. माणूस जाताना म्हणतो सांभाळ, आणि बाई सांभाळत बसते. त्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, तू काय सांभाळलंस? कामबंदी झाली ती एकट्या त्याची झाली नाही. अख्ख्या पाळीची झाली. बाकीचे कुठे घर सोडून गेले? तू टाकीची राखणदार आहेस की माणूस? नोकरी शोध. हात आहेत, डोकं आहे, अक्षर तर माझ्याहून बरं आहे. दाराकडे तोंड करून बसणं बंद कर.

मासे मात्र जगव. त्यांचा काय दोष?

तुझी
वन्सं

२४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. आल्या आल्या उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं.

घर झाडायचं असतं, धुवायचं नसतं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी नव्या नवरीचा उत्साह म्हणून टाकीचा स्पंज साबणाच्या पावडरीत घासून वाळत घातला होता. तेव्हा हेच वाक्य ऐकलं होतं, शब्दाला शब्द. त्यानंतरच माझं नाव मनी पडलं. मांजराच्या हाती मासे दिले, असं हे सगळ्यांना सांगत सुटले होते. तुमच्या गल्लीतल्या गृहस्थांचं वाक्य त्याच्याशी फारच जुळतं. जुळू दे. मी काही म्हणत नाही.

पण वन्सं, उशीर झाला. तुमच्या पत्राला यायला लागले तितके दिवस पाणी थांबलं नाही. मी दुकानदाराच्या बोलण्याला भुलून कॅनिस्टर आणून बसवला. जुना स्पंज इतका घाण दिसत होता की कचऱ्यात टाकला. सगळं पाणी उपसलं, काच घासली, नळाचं ताजं पाणी भरलं. चकचकीत केलं. स्वतःवर खूश झाले. तिसऱ्या दिवशी एक मासा गेला. बारका पांढरा. बाकीचे आहेत.

आता त्यांना विचारा, कॅनिस्टर बसवलाच आहे तर त्यात काय काय भरू? दुकानदाराने स्पंज, चिनी मातीच्या रिंगा आणि कोळशाची पिशवी दिली आहे. कोणतं खाली, कोणतं वर? पाण्याचा झोत फार जोराचा आहे, मासे एका कोपऱ्यात ढकलले जातात, त्याला काय करू? नवा फिल्टर तयार व्हायला किती दिवस लागतात?

आणि एक. कॅनिस्टर जवळजवळ मुका आहे. जुन्या फिल्टरची घरघर रात्रभर असायची. ज्या माणसाला ती घरघर ऐकतच झोपायची सवय आहे, त्याला ती नसली तर झोप लागते का? हेही फिल्टरबद्दलच आहे, म्हणून विचारलं.

तुमची
मनी

३ एप्रिल

मने,

गृहस्थांनी पत्र दोनदा वाचलं. पांढऱ्या माशाबद्दल वाईट वाटलं म्हणाले.

रिंगा आणि स्पंज ठेव, कोळसा काढून टाक. कोळसा औषधाचा वास नि रंग शोषतो, माशांचं विष नाही, आणि थोड्याच दिवसांत भरून जातो. पाणी आधी जाड स्पंजातून जाऊ दे, मग बारीक, मग रिंगांतून. म्हणजे रिंगा चिखलाने बुजत नाहीत. झोताचं म्हणशील तर परतीच्या नळीचं तोंड मागच्या काचेकडे वळव. पाणी काचेवर आपटून शांत होईल. रोज थोडं पाणी बदल, बादलीत एक दिवस उभं ठेवून मग घाल. खायला अगदी कमी दे. नवा फिल्टर आपापला तयार व्हायला महिना दीड महिना घेतो, तितकी सवड माशांना नाही. म्हणून एक कर: जिथे कुठे जुनी, नीट चाललेली टाकी असेल तिथे जा, आणि त्यांच्या फिल्टरचा स्पंज तुझ्या भांड्यात पिळून माग. ते काळं पाणी तुझ्या कॅनिस्टरमध्ये ओत. दिसायला घाण, पण त्यातच जीव आहे.

आणि फिल्टर रात्री बंद करू नकोस, दिवसा नको, कधीच नको. काही तास बंद राहिला की डब्यातलं पाणी कुजतं आणि आतलं सगळं मरतं. मी तर ऐकू येत नाही म्हणून काचेवर तळहात ठेवून बघते, थरथर आहे की नाही ते. तूही बघ. कळतं.

झोपेचं विचारलं. ते उठले, वर निघून गेले.

नोकरीचं काय केलंस? फिल्टरच्या प्रश्नांना चार पानं आणि ह्या प्रश्नाला एक ओळ नाही. हे मला बरं लक्षात येतं.

तुझी
वन्सं

१४ एप्रिल

वन्सं,

नोकरीचं ऐका, म्हणजे तुमचा राग जरा उतरेल.

जुनी टाकी शोधत गावभर फिरले. दुकानदार स्पंज पिळून देईना, म्हणाला नवीन घ्या. मग आठवलं, दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत मोठी टाकी आहे. गेले. तिथल्या मदतनीस मावशींनी विचारलं, कोणता दात? मी सांगणार होते, पण तोवर हात धरून खुर्चीत बसवलं, दिवा तोंडावर आला. डॉक्टर बराच वेळ टोचून बघून म्हणाले, दात तर उत्तम आहेत, तुम्हाला त्रास काय आहे? मी आ वासलेल्या तोंडानेच म्हटलं, तुमचा स्पंज पिळून हवा आहे. पुढचे दोन पेशंट हसून हसून आपलं दुखणं विसरले.

स्पंज पिळायला गेले तर त्यांचा फिल्टर शेवाळाने अर्धा बुजलेला. म्हटलं आलेच आहे तर झाडून देते. बादलीत टाकीचं पाणी घेऊन हलक्या हाताने झाडला. डॉक्टर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, बाहेरच्या टेबलावर बसाल का, नंबर लावायला आणि टाकी बघायला? सोमवारपासून बसते. सकाळी जाते, संध्याकाळी येते.

काळं पाणी आणून कॅनिस्टरमध्ये ओतलं. कोळसा काढला. नळीचं तोंड काचेकडे वळवलं. सांगितलं ते सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. टाकी आता अगदी स्वच्छ आहे, पाणी आरपार दिसतं.

मला तुमचं घर आठवतं, वन्सं. तुमच्या एकटीच्या घरात वरची एक खोली आहे, पत्र्याखालची. गृहस्थ तिथे टाकी ठेवून असतील तर उन्हाळ्यात पाणी तापतं, आणि तापल्या पाण्यात माशांचा श्वास कोंडतो. दुपारी ओलं फडकं झाकणावर टाकायला सांगा. आणि त्यांनाही दुपारी तिथे बसू देऊ नका.

अजून विचारायचं आहे: कॅनिस्टर उघडून झाडायची वेळ आली हे कशावरून ओळखायचं?

तुमची
मनी

९ मे

मने,

तुला न कळवता आले आणि न सांगता परतले. काल रात्रभर गाडीत स्वतःवर चिडत होते. आता घरी बसून लिहिते, कारण तोंडाने जे जमलं नाही ते हाताने तरी जमावं.

मी तुला एक गोष्ट सांगायला आले होते. तू दार उघडलंस, माझी पिशवी घेतलीस, तुझ्या दवाखान्याच्या गमती माझ्या कानाशी ओरडून सांगितल्यास. मग आपण दोघी टाकीसमोर बसलो. पाणी खरंच आरपार होतं. मी काचेवर हात ठेवला, फिल्टर चालू होता. मी मासे शोधले. झाडांमागे शोधले, दगडाआड शोधले. तेवढ्यात तू उठलीस, डबीतून चिमूटभर खाणं घेतलंस आणि पाण्यावर टाकलंस. ते तरंगलं, भिजलं, हळूहळू खाली गेलं. कुणी आलं नाही. आणि तू मला विचारलंस, “वन्सं, चहा टाकू?”

त्यानंतर मी काय सांगणार होते?

आता लिहिते. तो माझ्याकडे होता. पहिल्या दिवसापासून. वरच्या खोलीत. तिला सांगितलंस तर इथूनही जाईन, असं म्हणाला, आणि मी भ्याले. गेटवर मालकाच्या माणसांना न भ्यालेली बाई सख्ख्या भावाच्या पिशवीला भ्याली. तुझी पत्रं तोच वाचायचा, उत्तरं तोच सांगायचा, खालच्या पायरीवर बसून, मी लिहून घ्यायची. त्या वेळी त्याच्या तोंडावर जरा उजेड यायचा. मी मूर्ख, मला वाटलं, असंच एकेका पत्राने तो तुझ्याकडे सरकेल.

एकदा विचारलं त्याला, का जात नाहीस? म्हणाला, “गेलो तर ती काही बोलणार नाही. ताट वाढेल. तेच मला सहन होणार नाही.” रागाला माझ्याकडे उत्तर आहे, आळसाला आहे, ह्याला नाही.

तुझं वरच्या खोलीचं पत्र आलं. त्याने वाचलं, घडी घातली आणि मला दिलं. ह्या वेळी उत्तर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी होती. कुठे गेला, ठाऊक नाही. एक छोटी टाकी मागे ठेवून गेलाय, त्यात सहा बारके मासे आणि एक स्पंज. तुला बसवली तशी मलाही राखणीला बसवून गेला. आणि मने, मी रोज सकाळी जिना चढून काचेवर हात ठेवते. तुला काय काय म्हणाले होते मी.

तुझे मासे कधी गेले?

तुझी
वन्सं

१७ मे

वन्सं,

तुमचं पहिलं पत्र हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशी. पांढरा आधी गेला हे खरं होतं. नंतर बाकीचे, एकामागून एक, हेडमास्तर शेवटी. तो तर उलटा होऊनही पोहत होता.

तुमचं पत्र उघडलं तेव्हा टाकीत नुसतं पाणी होतं. आणि पत्रात हे होते. मला तुम्हाला कळवायचंच होतं. कागद घेतला, तारीख घातली, आणि वाटलं, मासे मेले असं लिहिलं तर पुढे विचारायला काय उरणार? आणि विचारलं नाही तर हे सांगणार काय? म्हणून एकच मेला असं लिहिलं. त्यानंतर जे जे सांगून आलं ते ते मी केलं. पाणी बदलत गेले, कोळसा काढला, दातांच्या खुर्चीत बसले. मासे नव्हते, पण ह्यांनी सांगितलं होतं.

नवे मासे आणावे असंही मनात आलं. दुकानात जाऊन उभी राहिले. केशरी पुष्कळ होते. पण ह्यांना एकेकाचा ठिपका माहीत. फाटक्या शेपटीचा कुठून आणू?

खाणं टाकते ते फिल्टरसाठी. डॉक्टरांच्या एका पेशंटने सांगितलं. टाकीत मासे नसले तर फिल्टरमधले जिवाणू उपाशी मरतात, म्हणून रोज चिमूटभर टाकायचं. ते कुजतं आणि त्यावर ते जगतात. आता दोन महिने झाले, फिल्टर पूर्ण तयार झालाय. दवाखान्याच्या टाकीसाठी आणलेल्या पट्टीने पाण्याची चाचणी करून बघितली. विष शून्य. ह्या पाण्यात आता कुठलाही मासा जगेल.

हे तुमच्याकडे होते ते मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. तुम्ही सांगितलं नाही म्हणून मी रागावले नाही. फडक्याचं लिहायला नको होतं. उन्हाळ्याची काळजी वाटली, म्हणून राहवलं नाही. तेवढ्यावरून हे उठून गेले.

तुमच्या छोट्या टाकीचा स्पंज पंधरवड्यातून एकदा झाडा. टाकीच्याच पाण्यात.

तुमची
मनी

२५ मे

मने,

पुरे झालं. रिकाम्या पाण्याला रोज जेवायला घालणारी बाई मी पुस्तकात वाचली नाही, सभेत ऐकली नाही आणि माझ्या घराण्यात मला ती नको. बटण बंद कर. टाकी उपस. ज्याला हवी त्याला दे. आणि काही दिवस माझ्याकडे ये. डॉक्टर सुट्टी देत नसतील तर मी त्यांना पत्र लिहिते, मग ते देतील.

फडक्यावरून तो गेला, असं मनाला लावून घेऊ नकोस. ज्याला जायचं असतं त्याला ओलं फडकंही पुरतं.

उत्तराची वाट बघते. हो, मीसुद्धा.

तुझी
वन्सं

११ जून

वन्सं,

हे येऊन गेले.

मंगळवारी. मी दवाखान्यात होते. संध्याकाळी जिना चढत असताना खालचा शिंपी म्हणाला, वहिनी, साहेब आले होते दुपारी, भेट झाली का? मला वाटलं चेष्टा करतोय. मग म्हणाला, टेम्पो घेऊन आले होते. खाली उभा होता बराच वेळ, टेम्पोवाला म्हातारा आपला गाडीत बसून पेंगत होता. साहेब खोली मिळाली असं म्हणाले. किल्ली होती त्यांच्याकडे, वर गेले. खूप वेळाने उतरले आणि टेम्पो रिकामाच गेला.

मी धावत वर गेले. दार नीट लावलेलं. आत सगळं जिथल्या तिथे. खुर्ची टाकीसमोर ओढलेली होती, ती मी कधी तिथे ठेवत नाही. मोरीत बादली, तिच्यात टाकीचं पाणी, गढूळ तपकिरी. स्पंज झाडून परत बसवलेला, रिंगा बसवलेल्या, डब्याची झाकणपट्टी पुसलेली. कॅनिस्टर महिनाभर नळीच्या सांध्यातून ठिबकत होता, मी खाली वाटी ठेवली होती. वाटी धुऊन पालथी घातलेली. ठिबकत नव्हतं.

चिठ्ठी नव्हती. सगळीकडे बघितलं. खाण्याच्या डबीखालीसुद्धा.

मला दोन गोष्टी कळत नाहीत आणि कुणाला विचारू तेही कळत नाही. मासे नाहीत हे बघून ह्यांना काय वाटलं असेल? आणि मासे नाहीत हे दिसल्यावरही फिल्टर का झाडला?

मी तुमच्याकडे येणार होते. सुट्टीही मिळाली होती. आता कशी येऊ?

तुमची
मनी

२० जून

मने,

तुझं पत्र वाचून मी आधी भिंतीवर हात आपटला, मग रडले, मग हे लिहायला बसले. ह्याच क्रमाने.

तो इकडे आलेला नाही. शेजारीपाजारी, त्याचे जुने सोबती, सगळीकडे निरोप धाडले. कुणाला माहीत नाही. नोकरीला लाग म्हणून तुझ्या मागे मी लागले, आणि तो आला तेव्हा तू त्या नोकरीवर होतीस. हे माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरी बरोबरच होती, आजही मी तेच सांगेन.

तू विचारलंस फिल्टर का झाडला. तुला वाटतंय की त्यात तुझ्यासाठी काही निरोप आहे. असेल. त्याला दुसरं काही करता येत नाही म्हणूनही असेल. मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं खोटं तुला पुन्हा लिहिणार नाही.

पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवणार नाही, मग तू मला तोडलंस तरी चालेल. तू गेले तीन महिने स्वतःला खात आहेस की मासे जगले असते तर. समज जगले असते. समज तू घरात असतीस. तो टेम्पो घेऊन कशासाठी आला होता? मासे न्यायला. दारात म्हणाला होता तेच. मासे आणि टाकी घेऊन तो गेला असता, मने. तुला घेऊन नाही. तुझ्यासाठी टेम्पो लागत नाही. तुझी खोलीच तेवढी रिकामी झाली असती, आणि मग त्याला परत यायला कारणच उरलं नसतं. तू ज्याची वाट बघत होतीस ते त्याचं येणं नव्हतं, ते त्याचं जाणं होतं.

हे कठोर आहे. पण मी तुझी नणंद आहे, आणि तुझ्या बाजूने दुसरं बोलणारं कुणी नाही.

तुझी
वन्सं

२८ जून

वन्सं,

तुम्हाला तोडून मी कुठे जाऊ?

तुम्ही लिहिलंत ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे मासे न्यायला येणार होते, मला न्यायला नाही. दारात मी ते नीट ऐकलं होतं.

पण टाकी चार फुटी आहे. पाणी उपसलं तरी ती एकट्याने उचलता येत नाही, काच चिरते. टेम्पोवाला म्हातारा. म्हणजे दुसरी बाजू मला धरावी लागली असती. एक बाजू ह्यांच्या हातात, एक माझ्या. आमच्या जिन्याला दोन वळणं आहेत. वळणावर थांबून एकमेकांना सांगावं लागतं, आधी तू घे, जरा वर कर, हळू.

तेवढंच हवं होतं.

तुमची
मनी